नागपूरहून परदेशी मेम्ब्रेन प्रयोगशाळेत: प्रश्न निवडण्यापासून परतीनंतरच्या कामापर्यंत

मेम्ब्रेन तंत्रज्ञानात, म्हणजे पातळ पडद्यातून गाळून पाणी शुद्ध करण्याच्या तंत्रात, परदेशी प्रशिक्षण घ्यायचं ठरवलं की बहुतेक जण शिष्यवृत्त्यांची यादी शोधायला बसतात. नागपुरातल्या विद्यार्थ्यांना आणि इंजिनिअरना मी उलट क्रम सुचवतो. आधी विदर्भातल्या पाण्याचा एखादा नेमका प्रश्न हातात घ्या, मग त्यावर काम करणारी प्रयोगशाळा शोधा आणि शिष्यवृत्तीकडे शेवटी या. या क्रमाने गेलेल्याला तिथे जागा लवकर मिळते, कारण तिथल्या प्राध्यापकाला त्याच्याकडून काहीतरी नवीन मिळणार असतं. शिवाय परत आल्यावर इथे करण्यासारखं काम तयार असतं, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं आहे.

पहिली पायरी: प्रश्न ठरवा

विदर्भाला समुद्र नाही. मेम्ब्रेनच्या कामात या एका गोष्टीने सगळं गणित बदलतं. किनाऱ्यावरचा आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) प्लांट उरलेलं खारट पाणी समुद्रात सोडतो. आपल्याकडे ते रिजेक्ट पाणी नाल्यात, शेतात किंवा पुन्हा जमिनीतच जातं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात आधीच खाऱ्या असलेल्या भूजलावर आरओ बसवला तर गोडं पाणी मिळतं खरं, पण काढलेला क्षार त्याच परिसरात राहतो.

म्हणून आपल्याला जास्तीत जास्त रिकव्हरी हवी असते, म्हणजे घेतलेल्या पाण्यातलं शक्य तितकं पाणी शुद्ध होऊन बाहेर यायला हवं. अडचण इथेच सुरू होते. ७५ टक्के रिकव्हरीला रिजेक्टमधले क्षार मूळच्या साधारण चौपट होतात आणि ९० टक्क्यांना दहापट. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) लिटरला १,५०० मिलिग्रॅम असेल तर ९० टक्क्यांवर रिजेक्टचा टीडीएस १५,००० च्या घरात जातो. एवढ्या खाऱ्या पाण्यातून शुद्ध पाणी ढकलायला लागणारा दाब पंप देऊ शकतो. पण त्याआधीच कॅल्शियम कार्बोनेट, कॅल्शियम सल्फेट आणि सिलिका मेम्ब्रेनवर बसायला लागतात. नागपूरच्या पश्चिमेला दख्खनचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट आहे आणि त्यातल्या भूजलात सिलिका असते. समजा ती लिटरला ४० मिलिग्रॅम आहे. दहापट झाली की ४०० होते, आणि २५ अंशांच्या पाण्यात सिलिका साधारण १२० मिलिग्रॅमपर्यंतच विरघळून राहते. सिलिकाचा थर एकदा घट्ट बसला की ॲसिडने निघत नाही.

जगातल्या कोणत्याही मेम्ब्रेन प्रयोगशाळेला रस वाटावा असा हा प्रश्न आहे. असे आणखी प्रश्न आपल्या आजूबाजूला आहेत. भांडेवाडीत शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे जातं. कूलिंग टॉवरमध्ये त्याच पाण्यातले क्षार आणखी दाट होतात आणि उरलेल्या सेंद्रिय पदार्थांवर जिवाणूंचा थर वाढतो. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत फ्लोराइड आहे. तिथे पूर्ण आरओ लावून सगळे क्षार काढायचे, की नॅनोफिल्ट्रेशनने (आरओपेक्षा थोड्या मोकळ्या मेम्ब्रेनने) फ्लोराइड हवं तेवढं उतरवून बाकीचे ठेवायचे, हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक सांडपाण्यात तर कारखान्यागणिक वेगळी रसायनं सापडतील.

यातला एकच प्रश्न निवडा. तो एका परिच्छेदात, आकड्यांसह लिहून काढा. पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर हा परिच्छेद कामी येणार आहे.

दुसरी पायरी: पाया नागपुरातच घाला

नागपुरात या कामासाठी चांगल्या जागा आहेत. १९५८ साली सुरू झालेली पर्यावरण संशोधन संस्था नीरी आहे आणि तिथे एसीएसआयआर या सीएसआयआरच्या अकादमीमार्फत पीएच.डी. करता येते. व्हीएनआयटी या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत केमिकल आणि सिव्हिल दोन्ही विभाग आहेत. १९४२ पासूनची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट, म्हणजे एलआयटी आहे आणि तिच्यातून निघालेले केमिकल इंजिनिअर देशभर पसरलेले आहेत. परदेशी जाण्याआधी यांपैकी एखाद्या ठिकाणी काही महिने प्रत्यक्ष प्रयोग करून घ्या. मेम्ब्रेन बनवण्याचाच अनुभव हवा असेल तर भावनगरची सीएसएमसीआरआय (केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था) ही देशातली जुनी आणि भक्कम जागा आहे. आधी भावनगर आणि मग युरोप, हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. परदेशात मिळालेले सहा महिने साधा सेटअप शिकण्यात घालवणं परवडत नाही.

इथेच शिकून घ्यायच्या गोष्टी अवघड नाहीत, पण त्या अंगवळणी पडलेल्या हव्यात.

फ्लक्स काढणं, म्हणजे मेम्ब्रेनच्या ठरावीक क्षेत्रातून ठरावीक वेळात किती पाणी येतं ते मोजणं. समजा मेम्ब्रेनचं क्षेत्रफळ ४० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.००४ चौरस मीटर आहे, आणि अर्ध्या तासात ६० मिलिलिटर पाणी आलं. ०.०६ लिटरला ०.००४ ने आणि ०.५ तासाने भागलं की फ्लक्स येतो ३०, म्हणजे दर चौरस मीटरमधून ताशी ३० लिटर. असंच रिजेक्शन, म्हणजे मेम्ब्रेनने अडवलेल्या क्षारांचं प्रमाण: फीडमध्ये (आत जाणाऱ्या पाण्यात) लिटरला २,००० मिलिग्रॅम क्षार आणि परमिएटमध्ये (गाळून आलेल्या पाण्यात) ६० असतील तर ९७ टक्के. ही गणितं तोंडपाठ असावीत आणि प्रत्येक आकड्यासोबत दाब, तापमान आणि फीडमधल्या क्षारांचं प्रमाण लिहायची सवय असावी. या तीन गोष्टींशिवाय फ्लक्सच्या आकड्याला काही अर्थ नसतो.

सिल्ट डेन्सिटी इंडेक्स, म्हणजे एसडीआय: पाण्यातल्या बारीक गाळाने मेम्ब्रेन किती तुंबेल याचा अंदाज. ४७ मिलिमीटर व्यासाचा, ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर घ्यायचा आणि पाण्याचा दाब ३० पीएसआयवर स्थिर ठेवायचा. सुरुवातीला ५०० मिलिलिटर पाणी जमायला किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि पाणी चालू ठेवून १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. पहिल्यांदा ३० सेकंद आणि दुसऱ्यांदा ६० लागले तर ३० भागिले ६० म्हणजे ०.५. ते एकातून वजा करा, १०० ने गुणा, १५ ने भागा: एसडीआय ३.३. आरओमध्ये जाणाऱ्या पाण्याचा एसडीआय ५ च्या खाली हवा आणि ३ च्या खाली असला तर उत्तम. या चाचणीला महागडं यंत्र लागत नाही, आणि प्लांटवर जाऊन ती स्वतः केलेल्या माणसाशी तिथले लोक वेगळ्या आदराने बोलतात.

तापमानाचा हिशेब नागपूरकरांनी तर शिकलाच पाहिजे. पाणी एक अंशाने तापलं की आरओचा फ्लक्स साधारण ३ टक्क्यांनी वाढतो. २५ अंशांवर मोजलेला फ्लक्स ४० अंशांवर जवळजवळ दीडपट दिसतो. क्षारही जास्त निसटतात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्पायरल आरओ मेम्ब्रेनची तापमानमर्यादा ४५ अंश असते आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी त्या आकड्याच्या फार लांब नसतं. २० किंवा २५ अंशांवर केलेला युरोपातला अभ्यास इथे लागू करताना पहिली दुरुस्ती इथेच करावी लागते.

तिसरी पायरी: प्रयोगशाळा निवडा

रँकिंग बघून निवडू नका, काम बघून निवडा. रिजेक्टमधून पाणी आणि क्षार वेगळे करायचे असतील तर इटलीत कालाब्रियातल्या रेंदे इथली मेम्ब्रेन तंत्रज्ञान संस्था पाहा. मेम्ब्रेन डिस्टिलेशन (गरम पाण्याची वाफच मेम्ब्रेनमधून जाऊ देणं) आणि मेम्ब्रेन क्रिस्टलायझेशन (उरलेल्या पाण्यातून क्षारांचे स्फटिक काढणं) या विषयांत एन्रिको द्रिओली यांनी तिथे परंपरा उभी केली. मेम्ब्रेन डिस्टिलेशनला ५० ते ८० अंशांची उष्णता पुरते, त्यामुळे कारखान्यातली वाया जाणारी उष्णता किंवा आपलं ऊन वापरता येईल का हा प्रश्न तिथे घेऊन जाता येतो. पॉलिमर, पोकळ तंतू आणि मेम्ब्रेन बनवणं यासाठी नेदरलँड्समधलं ट्वेंटे विद्यापीठ, फ्रान्समधल्या माँपेलिएची युरोपियन मेम्ब्रेन इन्स्टिट्यूट आणि मलेशियात जोहोरच्या तंत्रज्ञान विद्यापीठातलं ॲमटेक ही मान्यवर ठिकाणं आहेत. मलेशियात राहण्याचा खर्च युरोपच्या मानाने कमी आहे आणि हवामानही आपल्याला ओळखीचं वाटेल. पाण्याचा पुनर्वापर आणि फाउलिंग, म्हणजे मेम्ब्रेनवर घाण बसणं, यासाठी सिडनीचं युनेस्को मेम्ब्रेन केंद्र आणि सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातलं मेम्ब्रेन केंद्र पाहा. सिंगापूरने २००३ पासून न्यूवॉटर या नावाने मेम्ब्रेनमधून शुद्ध केलेलं सांडपाणी वापरात आणलं आहे.

नामिबियातलं विंडहूकही अवश्य अभ्यासा. समुद्रापासून दूर, कोरड्या पठारावरच्या या शहराने १९६८ मध्ये सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पाण्यात मिसळायला सुरुवात केली. नंतरच्या नव्या प्लांटमध्ये अल्ट्राफिल्ट्रेशनही आलं. किनाऱ्यावरच्या श्रीमंत शहरांपेक्षा विंडहूकचा अनुभव नागपूरला जास्त जवळचा आहे.

चौथी पायरी: तुमच्यासाठी कोणतं दार

बी.टेक. करत असाल तर उन्हाळी इंटर्नशिप बघा. जर्मनीच्या डीएएडी या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची वाइज योजना एनआयटीसारख्या निवडक संस्थांमधल्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि तिथला प्राध्यापक तुम्हालाच शोधावा लागतो. कॅनडाच्या मिटॅक्स ग्लोबलिंकमध्ये १२ आठवड्यांचे प्रकल्प असतात आणि ते त्यांच्या यादीतून निवडायचे असतात. दोन्हींची मुदत उन्हाळ्याच्या बरीच आधी संपते. दिवाळीच्या सुट्टीत शोधायला बसलात तर उशीर झालेला असू शकतो.

मास्टर्स करायचं असेल तर युरोपात मेम्ब्रेन इंजिनिअरिंगचा इरास्मुस मुंडुस संयुक्त अभ्यासक्रम माँपेलिए विद्यापीठाच्या पुढाकाराने चालत आला आहे. दोन वर्षांत एकाहून अधिक देशांत शिकायला मिळतं. इरास्मुस मुंडुसची शिष्यवृत्ती महिन्याला १,४०० युरो असते. या अभ्यासक्रमांना युरोपियन युनियनकडून ठरावीक तुकड्यांपुरता निधी मिळतो. म्हणून ज्या वर्षी जायचं आहे त्या वर्षी शिष्यवृत्तीसह प्रवेश खुला आहे का, हे आधी तपासा.

पीएच.डी. सुरू असेल तर सर्वांत जास्त दारं उघडी असतात. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू डॉक्टोरल फेलोशिप सहा ते नऊ महिन्यांची असते. फ्रान्ससाठी सेफिप्रा या भारत-फ्रान्स संशोधन केंद्रामार्फत रमण-शारपाक फेलोशिप आहे. पूर्ण पीएच.डी.च युरोपात करायची असेल तर मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी डॉक्टोरल नेटवर्कमधल्या जागा बघा. त्यांचा एक नियम नीट लक्षात ठेवा: भरतीआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. त्या देशात नुकतंच मास्टर्स केलेले विद्यार्थी इथेच अपात्र ठरतात.

राज्याच्या योजनाही विसरू नका. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या संशोधकांना पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देणाऱ्या महाज्योतीचं मुख्यालय नागपुरातच आहे. कोणतीही अधिछात्रवृत्ती चालू असताना काही महिने परदेशी जाणार असाल, तर त्या काळात ती सुरू राहते का, हे लेखी विचारून उत्तर फाइलला लावा.

नोकरीत असलेल्या इंजिनिअरला सहा महिने मिळत नाहीत. युरोपियन मेम्ब्रेन सोसायटीच्या उन्हाळी शाळा आणि मोठ्या परिषदांना जोडून होणाऱ्या कार्यशाळा त्याच्यासाठी योग्य. मेम्ब्रेनची जागतिक परिषद आयकॉम दर तीन वर्षांनी भरते. २०२३ ची जपानमध्ये चिबाला झाली.

पाचवी पायरी: प्राध्यापकांना पत्र

आधी आपल्या गाईडशी बोला. सरांना किंवा मॅडमना न सांगता केलेला पत्रव्यवहार पुढे शिफारसपत्राच्या वेळी अडतो. अनेकदा त्यांची त्या प्रयोगशाळेतल्या कुणाशी ओळखही निघते.

मेल छोटा ठेवा आणि प्राध्यापकांचं आडनाव घालून सुरू करा. नाव नसलेला ‘रिस्पेक्टेड सर’ पाहिला की हाच मेल पन्नास जणांना गेला असणार असं समोरच्याला वाटतं. पहिल्याच परिच्छेदात तुमचा प्रश्न येऊ द्या. त्याचा आशय काहीसा असा असावा:

‘मी मध्य भारतातल्या, समुद्रापासून दूर असलेल्या भागातल्या भूजलावर काम करतो. इथे रिजेक्ट टाकायला जागा नसल्याने ९० टक्के रिकव्हरी गाठायची आहे, पण सिलिका आणि कॅल्शियम सल्फेटमुळे आम्ही त्याआधीच अडतो. पाण्याचं पूर्ण विश्लेषण आणि तीन महिन्यांच्या फ्लक्सच्या नोंदी सोबत आहेत. सिलिकाच्या थरावरचा तुमच्या गटाचा अभ्यास मी वाचला. त्यातली पद्धत आमच्या पाण्यावर तपासण्यासाठी चार महिने तुमच्याकडे काम करायचं आहे.’

खाली किती काळ, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या शिष्यवृत्तीतून, एवढं लिहा. ‘फंडिंग मी आणतो’ हे वाक्य असेल तर उत्तर यायची शक्यता पुष्कळ वाढते. दोन-तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा नम्र आठवण करा आणि मग पुढच्या नावाकडे वळा.

सहावी पायरी: कागदपत्रं, परवानग्या आणि नमुने

पासपोर्टचं काम नागपुरात होतं. अमेरिकेच्या व्हिसासाठी मुलाखत मुंबईच्या वकिलातीत असते, त्या फेरीचे दिवस आणि खर्च आधीच धरून ठेवा. जर्मनीत पदवी शिक्षणाला जाणाऱ्यांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं) लागतं आणि त्याला वेळ जातो. विद्यापीठाकडून मिळणारे ट्रान्सक्रिप्ट ऑफर येण्याची वाट न बघता काढून ठेवा. नेदरलँड्सला जाणार असाल तर स्वीकृतिपत्र मिळालं त्याच दिवशी खोली शोधायला लागा, तिथे विद्यार्थ्यांच्या खोल्यांची मोठी टंचाई असते.

कारखान्याच्या सांडपाण्याची माहिती नेणार असाल तर त्या कारखान्याची लेखी परवानगी घ्या. तोंडी ‘हो’ वर जाऊ नका. पुढे पेपर छापायची वेळ आली की हीच परवानगी मागितली जाते. तिथे जे तयार होईल त्यावर हक्क कुणाचा, पेपरवर कुणाची नावं येणार, पेटंट झालं तर काय, हे दोन्ही संस्थांमध्ये आधी ठरलेलं हवं. नोकरीत असलेल्यांना संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि सरकारी संस्थांमध्ये ती फाइल फिरायला महिने लागू शकतात. सगळ्यांत आधी तीच पुढे सरकवा.

पाण्याच्या बाटल्या नेण्याच्या भानगडीत पडू नका. सांडपाण्याचे नमुने विमानाने आणि सीमाशुल्कातून नेणं कटकटीचं आहे, आणि प्रवासात नमुना बदलतोही. पाण्याऐवजी पाण्याचा अहवाल न्या: टीडीएस, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट, क्लोराइड, बायकार्बोनेट, सिलिका, फ्लोराइड, टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन), पीएच आणि एसडीआय. उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याचे आकडे वेगवेगळे ठेवा. त्यावरून तिथे कृत्रिम पाणी तयार करता येतं. प्लांटमधून काढलेल्या खराब मेम्ब्रेनचे तुकडे मात्र उपयोगी पडतात. यजमान प्रयोगशाळेची संमती घेऊन ते सीलबंद पिशवीत न्या. ओले ठेवायचे की सुकवलेले, हे कोणती तपासणी करायची त्यावर ठरतं, तेही त्यांनाच विचारा.

सातवी पायरी: तिथे असताना

पोहोचल्यावर लगेच प्रयोगाला हात लावता येत नाही. सुरक्षेचं प्रशिक्षण, यंत्रावर काम करायची परवानगी, रसायनांची नोंदणी यात दिवस जातात. यातलं जेवढं ऑनलाइन होऊ शकेल तेवढं निघण्याआधीच करून टाका. मेम्ब्रेनचा पॉलिमर विरघळवायला लागणाऱ्या एनएमपीसारख्या द्रावकावर युरोपात कडक निर्बंध आहेत. भारतात तुम्ही ज्या द्रावणातून मेम्ब्रेन ओतत होतात ते तिथे चालेलच असं नाही. त्याला पर्याय कसे शोधतात हे नीट पाहा, कारण आपल्या प्रयोगशाळांमधल्या माणसांच्या आरोग्याशी त्याचा थेट संबंध आहे.

रोजच्या नोंदींमध्ये खोलीचं तापमान आणि हवेची आर्द्रता जरूर लिहा. काचेवर पॉलिमरचा थर ओतला की पाण्यात बुडवण्याआधीचे काही सेकंद तो हवेत असतो, आणि हवेतली आर्द्रता तेवढ्यातच छिद्रांची रचना बदलू शकते. नियंत्रित हवेच्या खोलीत उत्तम जमलेली कृती नागपुरात मे महिन्याच्या कोरड्या हवेत एक मेम्ब्रेन देईल आणि ऑगस्टमध्ये दुसरं. नोंद असली तर कारण सापडतं.

आणखी एक करा. त्यांच्याकडची कोट्यवधींची यंत्रं कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतात, आणि तेच उत्तर नागपुरातल्या उपकरणांवर किती जवळपास मिळू शकतं, याची वेगळी वही ठेवा. थराचं रासायनिक विश्लेषण तिथेच होईल. पण फ्लक्स कसा घसरत गेला, धुतल्यावर किती परत आला, रिजेक्शन किती बदललं, हे इथल्या साध्या सेटअपवरही कळतं. निघण्याआधी आपल्या पद्धतीने आणि त्यांच्या पद्धतीने एकच मेम्ब्रेन तपासून फरक किती येतो ते लिहून घ्या. परतल्यावर तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशी जोडता येतात ते याच नोंदीमुळे.

आठवी पायरी: परत आल्यावर, आणि त्यांना इकडे बोलावताना

पहिल्या महिन्यात तिथली एक पद्धत इथे जशीच्या तशी उभी करा आणि नागपूरच्या पाण्यावर चालवा. पेपर लिहायला बसण्याआधी हे करा, म्हणजे हात आणि आठवण दोन्ही ताजे असतात.

मग प्लांटवर जा. आपल्याकडे मेम्ब्रेनचं आयुष्य बऱ्याच अंशी ऑपरेटरच्या हातात असतं. फीडमधलं क्लोरीन पूर्ण निघालं की नाही हे कोण बघतं? पाण्यात मोकळं क्लोरीन अगदी थोडं असलं तरी पॉलिअमाइडचं, म्हणजे आरओत नेहमी वापरलं जाणारं, मेम्ब्रेन हळूहळू खराब होतं. केमिकल क्लीनिंग नेमकं कधी करायचं? तापमानाची दुरुस्ती करून काढलेला फ्लक्स साधारण १० ते १५ टक्क्यांनी घसरला की, परमिएट बंद पडेपर्यंत थांबायचं नाही. हे मराठीत, प्लांटच्याच लॉगशीटवर, दोन-तीन तासांत शिकवता येतं. परदेशी शिकलेलं सर्वांत लवकर उपयोगी पडतं ते इथे, असं माझं ठाम मत आहे. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एखाद्या युनिटशी बोलून हे सत्र ठरवा आणि सोबत एक तक्ता द्या: रोजचा दाब, तापमान, परमिएट, रिजेक्ट, दोन्हींचा टीडीएस आणि दुरुस्त केलेला फ्लक्स.

देवाणघेवाण दुसऱ्या बाजूनेही व्हायला हवी. केंद्र सरकारच्या ग्यान योजनेत परदेशी प्राध्यापक भारतीय संस्थेत येऊन छोटा अभ्यासक्रम घेतात. तुमच्या यजमान प्राध्यापकांचं नाव विभागाला सुचवा आणि प्रस्ताव लिहायला मदत करा. त्यांच्या विद्यार्थ्याला नागपूरला यायचं असेल तर निमंत्रणपत्र, व्हिसाचा योग्य प्रकार आणि संस्थेची मंजुरी यासाठी निदान सहा महिने हाताशी ठेवा. परदेशी लोकांना डिसेंबरमध्ये बोलवायची आपली पद्धत आहे, हवा छान असते म्हणून. मेम्ब्रेनच्या कामासाठी मात्र त्यांना एप्रिल-मेमध्ये बोलवा. पाणी चाळिशीच्या आसपास असतं, बोअर खोल गेलेल्या असतात, क्षार वाढलेले असतात, आणि त्यांच्या प्रयोगशाळेत सहसा न दिसणारं मेम्ब्रेनचं वागणं इथे रोज बघायला मिळतं. सेटअप मार्चअखेर चालू करून ठेवा, वीज गेली तर पंपाला बॅकअप हवा, आणि पाहुण्याच्या खोलीला चांगला कूलर.